माध्यमांना प्रश्न विचारणाऱ्यांची स्वतःची घटना

माध्यमांचा अभ्यास करणारे आम्ही लोक सतत दुसऱ्यांचे हिशेब मागत असतो. वाहिनीची मालकी कोणाकडे, संपादकाला कोण नेमतं, जाहिरातीचा पैसा कुठून येतो, चर्चेला बोलावलेल्यांत बायका किती, दलित किती, खेड्यापाड्यातले किती. प्रश्न योग्यच आहेत, मी वर्गात हेच शिकवते. मग हेच प्रश्न आमच्या अभ्यासकांच्या संघटनांनाही विचारायला हवेत. तिथे अध्यक्ष कसा ठरतो? वर्गणी कोण ठरवतं? बोलायची मुभा कोणत्या भाषेत आहे? खुर्चीवर बसलेला माणूस उतरतो कधी? मराठीत यावर माझ्या वाचनात फारसं काही आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

उदाहरण घेते ते आयएएमसीआरचं, म्हणजे माध्यम आणि संज्ञापन संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं. 1957 साली पॅरिसमध्ये, युनेस्कोच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. पहिले अध्यक्ष फ्रान्सचे फेर्नां तेरू. त्यांच्यानंतर अमेरिकेचे रेमंड निक्सन आणि मग स्वित्झर्लंडचे झाक बूर्कँ. वृत्तपत्रांचा कायदा, पत्रकारितेचं शिक्षण, प्रेसचा इतिहास असे त्या पहिल्या पिढीचे विषय होते.

मला या संघटनेबद्दल आदर वाटतो तो तिने शीतयुद्धात घेतलेल्या एका निर्णयामुळे. 1972 साली अध्यक्ष झाले जेम्स हॅलोरन, इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातले. त्याच वर्षी सरचिटणीस झाले एमिल दुसिश्का, पूर्व जर्मनीच्या लाइपझिगमधले. बर्लिनच्या भिंतीच्या अलीकडचा अध्यक्ष आणि पलीकडचा सरचिटणीस! दोन वर्षांनी, 1974 ची परिषद लाइपझिगलाच भरली. पुढे वॉर्सा, काराकास, प्राग आणि 1986 मध्ये आपली नवी दिल्ली. तो काळ आठवा. बातम्यांचा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेने वाहतो, हा वाद पेटलेला होता. 1980 मध्ये या वादावर युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल आला, त्या आयोगावर भारतातर्फे पत्रकार बी. जी. व्हर्गीज होते. अमेरिकेने 1984 च्या अखेरीस युनेस्को सोडली, वर्षभराने ब्रिटनही बाहेर पडलं. सरकारं एकमेकांशी बोलायला तयार नव्हती, त्या वेळी संशोधकांच्या या संघटनेत दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलाशी बसून परिषदेचे विषय ठरवत होती. पदं अशी वाटून घेणं ही तडजोड होती आणि तिच्यात राजकारणही होतं. पण त्या तडजोडीमुळे संघटना फुटली नाही, आणि दिल्लीत किंवा काराकासमध्ये काम करणाऱ्या अभ्यासकाला हक्काचं एक व्यासपीठ मिळालं.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. हॅलोरन 1972 ते 1990 अध्यक्ष होते. अठरा वर्षं! माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. संघटनेला खऱ्या अर्थाने जगभर नेलं ते त्यांच्याच काळात. तरीही मला हे मान्य नाही. अठरा वर्षांत संशोधकांची एक अख्खी पिढी विद्यार्थीदशेतून प्राध्यापक होते, आणि तिने अध्यक्ष म्हणून एकच चेहरा पाहिलेला असतो. त्या पिढीतल्या कोणाला संघटना चालवायची संधी मिळाली नाही, कोणाची कल्पना मांडण्याआधीच विरून गेली, याची नोंद कोणत्याच इतिवृत्तात होत नसते. चांगल्या माणसाच्या हाती आहे म्हणून खुर्चीला मुदत नको, हा युक्तिवाद मी गावच्या पतसंस्थेपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे ऐकलेला आहे. तो प्रत्येक ठिकाणी चुकीचाच आहे. मुदतीचा नियम करायचा तो चांगला माणूस खुर्चीवर असतानाच; वाईट माणूस बसल्यावर तो होत नाही.

1990 नंतर चित्र बदललं. सीस हामेलिंक आले, मग जन्माने इराणी असलेले हमीद मौलाना. 2004 साली रॉबिन मॅनसेल अध्यक्ष झाल्या, संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. स्थापनेनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. माध्यमांमधल्या स्त्रीप्रतिमांवर निबंधांमागून निबंध वाचले जात होते आणि त्या सगळ्या काळात अध्यक्षपदावर एकामागून एक पुरुषच बसत होते. त्यानंतर मात्र दार उघडलं ते उघडलंच. मॅनसेल यांच्यामागून अ‍ॅनाबेल स्रेबर्नी, त्यानंतर दोन मुदतींसाठी जॅनेट वास्को. सलग सोळा वर्षं महिला अध्यक्ष. तेव्हा "लायक बाई मिळत नाही" असं कोणत्याही कार्यकारिणीत कोणी म्हणालं, की मी हेच उदाहरण पुढे करते. बायका होत्याच, निवडणाऱ्यांची नजर तिकडे वळत नव्हती.

आज ही संघटना चालते कशी, तेही सांगते, कारण त्यात आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे. वर कार्यकारी मंडळ: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार. मग आंतरराष्ट्रीय परिषद, म्हणजे इंटरनॅशनल कौन्सिल; निबंध वाचायची परिषद नव्हे. आणि सर्व सभासदांची सर्वसाधारण सभा. दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि मतदान ऑनलाइन असतं. पण माझ्या मते या संघटनेचा खरा जीव तिच्या विभागांत आणि कार्यगटांत आहे. राजकीय अर्थशास्त्र, लिंगभाव, सामुदायिक माध्यमं, कायदा, इतिहास, पत्रकारितेचं शिक्षण असे ते कितीतरी आहेत. परिषदेत कोणाचा निबंध घ्यायचा, हे वरून ठरत नाही. तो तो विभाग आलेले प्रस्ताव तपासतो आणि त्या विभागाचे प्रमुख विभागाचे सभासदच निवडतात. नवा विषय घेऊन चार माणसं एकत्र आली तर आधी कार्यगट करायचा, काम दाखवायचं आणि पुढे विभागाचा दर्जा मागायचा. अध्यक्षाच्या मर्जीवर कोणाचं संशोधन अडत नाही. ही रचना मला फार मोलाची वाटते.

आणि वर्गणी. देशाच्या उत्पन्नानुसार वर्गणीचे टप्पे आहेत. नॉर्वेच्या प्राध्यापकाला जेवढी, तेवढी नेपाळच्या प्राध्यापकाला नाही. विद्यार्थ्यांना आणखी कमी. वर्गणी म्हणजे प्रत्यक्षात मतदारयादीच असते. जो भरू शकत नाही तो यादीत नाही, आणि जो यादीत नाही त्याच्या अडचणीवर ठराव येत नाही. म्हणून कोणत्याही संघटनेची घटना हातात आली की मी आधी उद्दिष्टांचं पान उघडत नाही, वर्गणीचं कलम वाचते.

पण वर्गणी भरून प्रश्न संपत नाही, कारण सर्वसाधारण सभा परिषदेच्या गावी भरते. 2014 साली परिषद हैदराबादला झाली तेव्हा मी आमच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालो, ओळखीच्यांकडे उतरलो, डबे बरोबर होते. ज्या मुलांनी कधी विमान पाहिलं नव्हतं ती ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेच्या संशोधकांना थेट प्रश्न विचारत होती. एकीने तर आपल्या तालुक्यातल्या केबलवाल्याच्या स्थानिक बातम्यांबद्दल इतकं नेमकं सांगितलं, की सत्र संपल्यावर तिच्याभोवती घोळका जमला. पुढच्या वर्षी परिषद मॉन्ट्रियलला होती. त्या मुलीसाठी विषय तिथेच संपला. तिकीट, राहणं, नोंदणी शुल्क, व्हिसाच्या कामासाठी मुंबईची फेरी, बँकेत शिल्लक दाखवायची ती वेगळीच. आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयात अशा प्रवासाला पैसे मिळवायचे म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून करोनाच्या काळात जे घडलं ते मी विसरायला तयार नाही. 2020 ची परिषद फिनलंडच्या टॅम्पेरेत होती, 2021 ची नैरोबीत, 2022 ची बीजिंगमध्ये. तिन्ही ऑनलाइन झाल्या. नाइलाजाने झाल्या, पण त्यामुळे घरी बसून, लेकरू मांडीवर घेऊन निबंध वाचता आला. साथ ओसरली आणि सगळ्यांना प्रत्यक्ष भेटीची ओढ लागली. ती मलाही आहे. चहाच्या रांगेतल्या ओळखी पडद्यावर होत नाहीत. पण एकदा उघडलेला दरवाजा पुन्हा अर्धवट लोटून घेताना निदान ते दारातून आत आलेल्यांना विचारून तरी करावं. सर्वसाधारण सभेत दूरून सहभागी होऊन बोलण्याचा हक्क घटनेतच लिहिलेला असावा, आयोजकांच्या सोयीवर सोडलेला नसावा, असं माझं ठाम मत आहे.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. संघटनेच्या अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. 1957 च्या युरोपात बसून पाहिलं तर हे उदार होतं. प्रत्यक्षात इंग्रजीच बाकीच्या दोघींना दाबून टाकते, ही तक्रार लॅटिन अमेरिकेचे अभ्यासक वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण त्यांना निदान नियमाचा आधार आहे. अरबी, चिनी, हिंदी, बंगाली बोलणाऱ्यांना तोही नाही. मराठीत पत्रकारिता 1832 पासून आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', 1877 चं 'दीनबंधु', 1920 साली बाबासाहेबांनी काढलेलं 'मूकनायक'. वंचितांनी स्वतःचं वृत्तपत्र काढण्याची परंपरा जगात इतकी सलग फार थोड्या ठिकाणी सापडेल. त्यावर मराठीत लिहिलेले प्रबंध विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पडून आहेत. ज्या माणसाने ते जुने अंक धूळ झटकून ओळीओळीने वाचले, त्याला इंग्रजीत वीस मिनिटं बोलता येत नाही म्हणून जगाच्या माध्यम-इतिहासात त्याचं काम शून्य धरलं जातं. प्रत्येक भाषेला अधिकृत दर्जा द्या असं मी म्हणत नाही, ते परवडणार नाही. पण निबंध मूळ भाषेत लिहायचा, सारांश आणि पडद्यावरच्या स्लाइड इंग्रजीत द्यायच्या आणि शेजारी दुभाषा म्हणून एखादा सहकारी बसवायचा, एवढं कोणत्याही विभागाला ठरवलं तर करता येईल. तसा ठराव कोणीतरी आणायला हवा.

कोणी निवडायचं, या प्रश्नाचं एक वेगळं रूप 2019 मध्ये अमेरिकेत दिसलं. तिथली नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन ही 1914 साली स्थापन झालेली जुनी संस्था. ती काही ज्येष्ठांना 'मान्यवर अभ्यासक' हा किताब देते. नवे मान्यवर निवडायचे ते आधीच्या मान्यवरांनी. पद्धत दिसायला निरुपद्रवी आहे: विद्वानाला विद्वानच ओळखणार. परिणाम असा, की सत्तरच्या आसपास मान्यवरांत गोरेतर व्यक्ती फक्त एक. कार्यकारिणीने निवडीचा अधिकार काढून घेऊन स्वतंत्र समितीकडे दिला, तेव्हा बहुतेक मान्यवरांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. एका नियतकालिकाच्या संपादकाने तर गुणवत्तेऐवजी आता ओळख पाहिली जाणार असा सूर लावला. त्यावर देशभरच्या तरुण अभ्यासकांचा असा संताप उसळला, की सही केलेल्यांपैकी कित्येकांनी माफी मागितली. त्याआधीच्याच वर्षी पॉला चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयातल्या नियतकालिकांत कोणाचे संदर्भ दिले जातात आणि कोणाचे वगळले जातात, याची मोजदाद मांडली होती, त्यामुळे तरुणांच्या हातात आकडे होते. त्या सत्तर जणांत कोणी उघड वंशद्वेष्टा असेल असं समजायची गरजच नाही. आपल्यासारख्यांनाच आपण ओळखतो, आणि नियमाने त्या सवयीला कायमचं बळ दिलं होतं. कार्यकारिणीने बोट ठेवलं ते नियमावर, आणि ते अगदी बरोबर केलं.

निवडणूक की निवड, हा वाद आपल्यालाही नवा नाही. 2018 मध्ये साहित्य महामंडळाने संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक बंद केली आणि यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणाताई ढेरे एकमताने निवडल्या गेल्या. निवडणुकीत जो चिखल उडायचा तो थांबला, याचा मलाही आनंद झाला. अरुणाताईंच्या योग्यतेबद्दल तर बोलायलाच नको. तरीही मला त्या बदलाची काळजी वाटते. चिखल झाला तर मतदारयादी मोठी करा, प्रचाराला आचारसंहिता लावा. निवडीचा हक्कच काही मोजक्या माणसांकडे गेला की पुढचं सगळं त्यांच्या सद्भावनेवर उरतं.

आपल्या राज्यात माध्यमशिक्षकांच्या ज्या संघटना आहेत, त्यातल्या एकीची मी बरीच वर्षं सभासद होते. नाव घेत नाही. वार्षिक सभेची सूचना सभा झाल्यावर यायची, ताळेबंद "पुढच्या वेळी" मांडला जायचा, कार्यकारिणी दर वेळी बिनविरोध. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, वेळेवर जायचा, कागद चोख असायचे. कायद्याने मागितलेलं सगळं होतं आणि सभासदाला विचारायची जागा मात्र कुठेच नव्हती. ज्या दिवशी मी हिशेबाची प्रत मागितली त्या दिवसापासून मला निमंत्रणं यायची बंद झाली.

आयएएमसीआरमध्ये 2020 ते 2024 या काळात हैदराबाद विद्यापीठाच्या उषा रामन उपाध्यक्ष होत्या. 2024 मध्ये दया थुस्सू अध्यक्ष झाले, दिल्लीच्या जेएनयूतून पीएच.डी. केलेले. आपल्याकडचं माणूस वर गेलं याचा अभिमान वाटतोच, पण महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले माध्यमशिक्षक जर सभासदच नसतील, तर आपले प्रश्न त्यांच्यापर्यंत नेणार कोण? पुढची निवडणूक 2028 मध्ये आहे. वर्गणीचा आपला टप्पा परवडणारा आहे. निदान वीसपंचवीस जणांनी सभासद व्हावं, एखाद्या विभागात कामाला लागावं, आणि मूळ भाषेतल्या निबंधांचा व दूरून सभेत बोलण्याच्या हक्काचा ठराव मिळून तयार करावा असं माझ्या मनात आहे. मसुदा मी लिहायला घेतला आहे. ज्यांना त्यावर हात फिरवायचा आहे, खोडायचं आहे, भांडायचं आहे त्यांनी मला मेसेज करा.