होडी घेणे आहे

कोकणात ज्या माणसाला होडी घ्यायची नसते, त्याची होडीविषयीची मते सर्वांत ठाम असतात. निवृत्तीनंतर आचऱ्याच्या खाडीकाठी येऊन राहिल्यावर, खाडीत गरवायला आणि वारा पडलेला असेल तेव्हा मुखाबाहेर चार हात जाळे टाकायला एक लहानशी होडी घ्यावी, एवढेच मी चारचौघांत बोललो होतो. त्या संध्याकाळपासून आमच्या पडवीत जी बैठक बसली, ती उठवायला वीज जावी लागे, आणि वीज गेली की मंडळी कंदिलाच्या उजेडात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत.

पहिला वाद लाकूड की फायबर, हा. आबाकाकांचे सारे आयुष्य समुद्रावर गेलेले. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढणारा हा माणूस, अष्टमीला सहा वाजता पाणी भरणार हे भिंतीवरच्या कॅलेंडराकडे न पाहता सांगतो. त्यांच्या मते होडी म्हणजे लाकडाची, तीही एका बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका, असलेली, म्हणजे लाटेने कलंडायची भीती नाही. हे खरेच आहे. परंतु तीच उलांडी जेटीला लागताना आडवी येते आणि कांदळांमधल्या अरुंद वाटेत वळताना झाडांत अडकते. शिवाय लाकडी होडी दरवर्षी वर ओढून खरवडावी लागते, तिच्या सांध्यांची भर पुन्हा ठासावी लागते आणि तिला काजूच्या टरफलांचे तेल पाजावे लागते. ते तेल अंगाला लागले तर कातडी सोलून निघते. फायबरची होडी हलकी, आणि ती फुटली तर कापडी थर व राळ लावून गावातच जोडता येते. पुतण्याने हे सारे मोबाईलवर पाहून ठेवले होते आणि तो ते अशा आत्मविश्वासाने सांगत होता, की त्याला पोहता येत नाही याचा आम्हा सर्वांना विसर पडला.

आबाकाकांनी मात्र त्याला एकच प्रश्न विचारला. "ता सगळा खरा, पण ओहोटीक होडी खंय ठेवतलस?"

हा प्रश्न एकाही विक्रेत्याने मला विचारला नव्हता. त्यांनी रंग विचारला, छत हवे का विचारले, गाणी लावायची सोय दाखवली. आमच्या घरामागे ओहोटीला नुसता चिखल उरतो. उधाणाला पाणी माडांच्या बुंध्याशी येते आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंदावण्याच्या, दिवसांत ते धड येतही नाही नि धड जातही नाही. म्हणजे होडी अशी हवी की ती दोनतीन माणसांना ओंडक्यांवरून ढकलून वर घेता येईल. या एका अटीने खोल नाळेच्या, म्हणजे पुढचे टोक पाण्यात खोल जाणाऱ्या, देखण्या, मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभतील अशा सर्व होड्या बाद झाल्या आणि १८ फुटी, बऱ्यापैकी सपाट बुडाची फायबर होडी तेवढी उरली. सपाट बूड लाटेवर आपटते, हे मान्य. पण दुपारचे खारे वारे सुटण्याआधी घरी यायचे ठरवले तर आपटण्याचे प्रसंग कमी येतात.

मोटरीच्या बाबतीत आमच्या घरी कोणालाच मत नव्हते, त्यामुळे तो निर्णय लवकर झाला. एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहून ठेवतो. बाहेरून लावायच्या मोटरीचा पाय, म्हणजे खाली पाण्यात उतरणारा भाग, साधारण १५ किंवा २० इंचांचा येतो आणि तो होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळावा लागतो. पाय आखूड पडला तर लाटेवर पंखा हवा गिळतो आणि मोटर किंचाळते. लांब झाला तर पाण्याचा विरोध वाढतो आणि आमच्यासारख्या खाडीत पंखा वाळूला लागतो. जुळली तर १० अश्वशक्तीच्या आतली मोटर पुरते, आणि ती दोघांनी उचलून रात्री घरात आणता येते. ती पडवीत ठेवायची की माजघरात, यावर वेगळा वाद झाला. तो येथे देत नाही.

आता सुकाणू. सौभाग्यवतीचे म्हणणे असे, की एवढे पैसे घालायचे तर होडीला गाडीसारखे गोल चाक हवे. "अहो, मागे कोपऱ्यात बसून दांडा धरायचा, हे काय बरं दिसतं?" विक्रेत्याने तिची बाजू तत्काळ उचलून धरली. चाकाचेही दोन प्रकार त्याने सांगितले: एक तारेच्या केबलवर चालणारा आणि दुसरा तेलाच्या दाबावर चालणारा. मोठ्या मोटरी सुकाणूला उलट रेटा देतात, तो तेलाच्या दाबाने चाकापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट खरी. पण आमच्या मोटरीचा रेटा मनगटालाही फारसा जाणवत नाही. तिला तेल, पंप आणि नळ्या लावणे म्हणजे सुतळी तोडायला करवत आणणे झाले. केबल स्वस्त खरी, परंतु ती मोटरीजवळच्या ज्या नळीतून सरकते, त्या नळीत खारे पाणी शिरते, ग्रीस वेळेवर बदलले नाही तर आत मीठ आणि गंज धरतो, आणि मग एके दिवशी चाक हटवादी जावयासारखे जागचे हलत नाही.

शिवाय चाक म्हटले की ते बसवायला मध्ये खोके आले. १८ फुटांत जाळे, बर्फाची पेटी, नांगर, पेट्रोलची टाकी आणि आम्ही दोघे, एवढा संसार मांडल्यावर खोक्याला जागा उरते ती आमच्या मांडीवर. जाळे ओढताना त्याचे टोक त्या खोक्याच्या प्रत्येक कोपऱ्यात अडकणार, हे सांगायला तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, लागत नाही. उलट दांडा मोटरीलाच जोडलेला असतो, मूठ पिळली की वेग वाढतो, आणि उथळ पाण्यात किंवा पंख्यात जाळे गुंतले तर बसल्या जागेवरून मोटर वर उचलता येते.

दांड्याची खोड एकच: होडी उजवीकडे न्यायची तर तो डावीकडे ढकलावा लागतो. पुतण्याला हे अन्यायकारक वाटले. त्यावर आबाकाका म्हणाले, "होडयेक ब्रेक नसता, ह्या आदी ध्यानात धर. मगे चक्राच्या गजाली कर." त्यांनी पुढे सांगितले, की होडी पुढून वळत नाही, तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, म्हणून जेटीला लागताना नाळ सांभाळणारा माणूस मागून आपटतो, आणि मोटर मोकळी सोडली, तर पंख्याचा झोत थांबताच सुकाणूही जवळजवळ निकामी होते. चाक हातात घेतलेल्या माणसाला आपण रस्त्यावर आहोत असा भास होतो, आणि भास झालेल्या माणसांची होडी दुरुस्त करण्यात आबाकाकांच्या शेजाऱ्याचा सबंध हंगाम गेला होता.

तरीही घरात शांतता नव्हती. शेवटी एका ओळखीच्या मच्छीमाराची दांड्याची होडी तासाभरासाठी मागून आणली आणि आम्ही सकाळी मतलई वाऱ्यात निघालो. मी दांड्याशी बसलो. तेथे एक अडचण निघाली. या मोटरींचा दांडा डाव्या हाताने धरायच्या बेताने केलेला असतो. माणूस उजव्या अंगाला, तोंड पुढे करून बसतो आणि उजवा हात मोकळा ठेवतो. माझा डावा हात जन्मभर फायली दाबून धरण्यापलीकडे कोणत्याही कामाला लागलेला नाही. आमची होडी कांदळांची विचारपूस करीत, कधी या काठाला तर कधी त्या काठाला जाऊ लागली.

सौभाग्यवती डावखुरी आहे. लहानपणी तिच्या आजीने पोळपाटावर तिच्या डाव्या हाताला लाटणे मारले, सासरी हळदीकुंकवाला ती दर वेळी हात बदलते, कात्रीपासून विळीपर्यंत कोणतीच वस्तू तिच्या सोयीची निघाली नाही. तिने मला उठवले, ती बसली, मोटर बंद पाडणारी लाल दोरी मनगटाला गुंडाळली, आणि खाडीच्या मुखापर्यंत होडी सरळ नेऊन जेटीला पाठ न घासता परत आणली. उतरताना तिने विक्रेत्याला फोन लावून सांगितले की चाक नको, दांडाच द्या, आणि त्याला लांब करायची नळी मिळत असेल तर तीही पाठवा, म्हणजे तिला उभ्याने पाहता येईल.

नोंदणीचे कागद आता भरून झाले आहेत. होडी कोण चालवणार, यावर घरात दुमत नाही. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांच्या मासेमारीबंदीची मुदत सरली, की आम्ही पाण्यात उतरू. नांगर टाकणे, नांगर उचलणे आणि डब्याने पाणी उपसणे ही खाती माझ्याकडे आली आहेत, आणि त्या डब्याला कान डाव्या बाजूला हवा की उजव्या, याविषयी पडवीत बैठक सुरू आहे.