शंभर युरोंचे तिकीट आणि दोन हजारांचे भाडे

दर जुलै महिन्यात आयर्लंडमध्ये एक वाद ठरल्याप्रमाणे उफाळून येतो, आणि तो म्हणजे डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानावरच्या अंतिम सामन्याच्या तिकिटाचा. 2023 साली गेलिक फुटबॉल आणि काठी-चेंडूचे हर्लिंग या आयरिश खेळांच्या अंतिम सामन्यांचे बसून पाहायचे तिकीट 90 युरोंवरून 100 वर गेले आणि उभ्याने पाहायचे 45 वरून 55 वर. तेव्हापासून आमच्या कार्यालयातल्या कँटीनमध्ये या विषयावर सुरू झालेली चर्चा अजून थांबलेली नाही. मीही त्या चर्चेत हिरिरीने भाग घेत असे. आता मात्र माझे मत असे झाले आहे की तिकिटावर राग काढणे सोपे आहे म्हणून आपण तिकिटावर रागावतो. महागाईने या खेळांच्या मुळावर घाव घातला आहे तो तिकीटखिडकीपाशी नव्हे, तर घरभाड्याच्या करारावर.

ज्यांना या खेळांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, एका हॉटेलात जमलेल्या मूठभर माणसांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. मायकल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन ही त्यांतली प्रमुख नावे. इथे सगळे तिला जीएए म्हणतात. तिचा पाया पॅरिशवर, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीवर घातला गेला: ज्या गावात तुम्ही वाढलात त्या गावाचा क्लब, आणि त्या काउंटीचा संघ. क्रोक पार्कवर 82,000 लोक मावतात, संघटनेची मध्यवर्ती उलाढाल वर्षाला 10 कोटी युरोंच्या पुढे गेली आहे, तरीही मैदानात उतरणाऱ्या एकाही खेळाडूला पगार नाही. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी सकाळी शाळेत गणित शिकवायला उभा राहतो. आमच्या कबड्डीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यावर विश्वास ठेवणे जड जाईल.

आम्ही मीथ काउंटीत नॅव्हनला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, तो हर्लिंग खेळतो. मुलगी नऊ वर्षांची, ती कमोगी, म्हणजे मुलींचे हर्लिंग. खेळ एकच, मैदान एकच, परंतु कमोगीची संघटना वेगळी असल्यामुळे आमच्या क्लबात वर्गणी दोनदा भरावी लागते. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली जीएए, कमोगी आणि महिला गेलिक फुटबॉल या तिन्ही संघटना एकत्र आणण्याचे काम चालू आहे आणि त्यासाठी 2027 हे उद्दिष्ट ठेवलेले आहे. ते वेळेत झाले तर निदान आमच्या स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या वहीतली एक ओळ कमी होईल.

हर्लिंगच्या काठीला आयरिशमध्ये 'कमॉन' म्हणतात. 'कम' म्हणजे वाकडे, त्यावरून हे नाव आले आहे. आपल्या कमानीशी त्याचे काही नाते असेल असा माझा दावा नाही, पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते. ही काठी ॲश झाडाच्या बुंध्याच्या, मुळांकडे वळत जाणाऱ्या भागातून कापतात, म्हणजे लाकडाची शीर वाकणाबरोबर वळते आणि काठी सहज मोडत नाही. तरी गेल्या हंगामात आमच्या घरात तीन मोडल्या. 2012 मध्ये लीट्रिम काउंटीतल्या एका लागवडीत ॲशच्या झाडांना मारणाऱ्या बुरशीचा रोग पहिल्यांदा सापडला. तो पुढे देशभर पसरला, आणि आता काठीसाठी लागणारे बहुतेक लाकूड परदेशातून येते. बांबूच्या काठ्याही निघाल्या आहेत. आमच्या प्रशिक्षकांना त्यांचा आवाज आवडत नाही. मला त्या टिकतात एवढे पुरेसे आहे. 2010 पासून हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे आणि ते योग्यच आहे, पण मुलाचे डोके दर दोन वर्षांनी वाढते. क्लबच्या खोलीत एक मोठी प्लास्टिकची पेटी आहे, तिच्यात लहान झालेले बूट आणि हेल्मेट ठेवायची आणि हवे ते उचलायचे. कोणी काय नेले याची नोंद कोणी ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी ती पेटी भरून वाहत असे. आता बहुतेक वेळा तिचा तळ दिसतो.

एवढे सगळे धरूनही हा खेळ स्वस्त आहे, हे मला आधी कबूल केले पाहिजे. याच गावातल्या इतर वर्गांच्या शुल्काशी तुलना केली तर क्लबची वर्षभराची वर्गणी काहीच नाही. आणि तो स्वस्त का आहे, तर इथे कोणाच्याही कष्टांची किंमत लावली जात नाही म्हणून. मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा, जर्सी धुणारी, दर आठवड्याला क्लबच्या लॉटरीची तिकिटे दारोदार विकणारा, मुलांना शिकवणारे, पंच, खजिनदार, हे सगळे फुकट राबतात. गणेशोत्सवात मंडळाचा मांडव ज्यांनी घातला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की हा मांडव इथे वर्षाचे बावन्न आठवडे उभा असतो.

आता या फुकट राबणाऱ्या माणसाला काय काय लागते ते पाहू. त्याला मैदानाजवळ घर लागते आणि संध्याकाळी साडेसहाला मोकळे हात लागतात. महागाईने नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतल्या आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये इथला महागाईचा दर 9.2 टक्क्यांवर पोहोचला, त्याच वर्षी मार्चमध्ये पेट्रोल-डिझेल लिटरला दोन युरोंच्या वर गेले होते. वडिलांचे घराणे मूळ मालवणजवळच्या वराड गावचे असलेले लिओ वराडकर ज्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, त्या हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराच्या वीजबिलात 200 युरोंचे तीन हप्ते जमा केले. आमच्या क्लबने त्या हिवाळ्यात प्रकाशझोत आठवड्यातून एकच दिवस लावले आणि बाकीच्या दिवशी मुले शाळेच्या सभागृहात भिंतीवर चेंडू मारत बसली. ते संकट निभावले. महागाईचा दर पुढे खाली आला. भाडे मात्र खाली आले नाही. बाजारात नव्याने भाड्याने मिळणाऱ्या घराची देशभराची सरासरी आता महिना 2,000 युरोंच्या आसपास आहे, डब्लिनमध्ये त्याहून बरीच जास्त, आणि घर विकत घ्यायचे तर साडेतीन लाख युरोंच्या पुढचे आकडे हे मधल्या किमतीच्या घराचे आहेत. 2022 च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक सज्ञान माणसे आईवडिलांच्या घरी राहत असल्याचे दिसले.

डब्लिन परवडत नाही म्हणून माणसे नॅव्हनला येतात. आम्हीही तसेच आलो. नॅव्हनहून डब्लिनला प्रवासी रेल्वे नाही, म्हणून एम-थ्री महामार्ग, त्यावरचे दोन टोलनाके आणि बस किंवा मोटार. सकाळी साडेसहाला निघायचे आणि संध्याकाळी पावणेसातला घरी पोहोचायचे. सराव साडेसहाला सुरू होतो. आमच्या गटात बत्तीस मुले आहेत आणि त्या वेळी मैदानावर वेळेवर हजर राहू शकणारे पालक आहेत पाच. बाकीचे सत्तावीस आळशी आहेत किंवा त्यांना आच नाही असे मुळीच नाही. ते गाड्यांच्या रांगेत आहेत, आणि त्या रांगेत मीही असायचे. वर्गणीतून हा खर्च दिसत नाही आणि कोणत्याही अहवालात तो युरोंमध्ये मांडता येत नाही, म्हणूनच त्यावर तिकिटाइतका आरडाओरडा होत नाही.

लहान काउंट्यांत याच गोष्टीचे टोक गाठलेले रूप दिसते. लीट्रिमची लोकसंख्या जेमतेम पस्तीस हजार. 2023 च्या एप्रिलमध्ये ब्राँक्समधल्या मैदानावर, पेनल्टींवर, न्यूयॉर्कच्या संघाने लीट्रिमला हरवले. 1999 पासून, देशाच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत खेळणाऱ्या न्यूयॉर्कचा तो त्या स्पर्धेतला पहिलाच विजय. लोकांनी त्याचे कौतुक केले आणि ते रास्तही होते. परंतु न्यूयॉर्कला आयरिश तरुण कुठून मिळतात, हा प्रश्न त्या आनंदात फार थोड्यांनी विचारला. 2025 च्या फेब्रुवारीत तर दुखापती आणि अनुपलब्ध खेळाडू यांमुळे लीट्रिमला फर्मानाविरुद्धचा साखळी सामना खेळताच आला नाही, त्यांनी तो सोडून दिला. एप्रिल 2024 पर्यंतच्या एका वर्षात आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला 10,600 माणसे गेली, 2013 नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. सगळे भाड्यामुळे गेले असे मी म्हणणार नाही. बावीस वर्षांच्या मुलाला समुद्र आणि ऊन हवे असते, आणि त्यात गैर काही नाही. पण पूर्वी तो दोन वर्षांनी परत येत असे, कारण परतायला घर होते. आता त्याची आई सांगते की तो तिकडेच बरा आहे, निदान त्याच्या स्वतःच्या नावाचे कुलूप आहे.

जे देशातच राहिले त्यांचीही तऱ्हा काही वेगळी नाही. नोकरी डब्लिनमध्ये, क्लब दोनशे किलोमीटर दूर. नाव गावच्या क्लबात नोंदलेले, मन तिथे अडकलेले, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून जायचे आणि रविवारी रात्री परतायचे. काउंटीचा संघ असेल तर आठवड्यात आणखी दोन-तीन फेऱ्या. त्यांना मैलामागे 65 सेंट मिळत, आणि आठवड्यातल्या किती सरावांचा हा भत्ता द्यायचा यावरून 2022 मध्ये खेळाडूंची संघटना आणि जीएए यांच्यात जाहीर भांडण झाले. महिला खेळाडूंना तर अशा भत्त्यासाठीच 2023 मध्ये निषेध नोंदवत खेळावे लागले.

इथे जीएएला मला दोन शब्द सुनवायचे आहेत. तिकिटांच्या पैशांतला बराच मोठा वाटा खाली क्लबांकडे आणि काउंट्यांकडे परत जातो, हे खरे आहे आणि साखळी सामन्यांना मुलांचे तिकीट 5 युरो ठेवले जाते, हेही चांगले आहे. पण सर्व काउंटी संघांच्या तयारीचा खर्च मिळून वर्षाला 4 कोटी युरोंच्या पुढे गेला आहे. आहारतज्ज्ञ, विश्लेषक, हॉटेलांतली शिबिरे, सगळे एकमेकांकडे पाहून वाढत चालले आहे. खेळाडू हौशी आणि त्याच्याभोवतीची यंत्रणा व्यावसायिक, अशी ही विचित्र लग्नपत्रिका आहे. शिवाय काही महत्त्वाचे सामने पैसे भरूनच पाहता येतात आणि 2025 साली हंगामाचे 79 युरो झाले. माझ्या शेजारच्या आजींना, ज्यांनी साठ वर्षे क्लबसाठी सँडविच बनवले, इंटरनेटवरून सामना कसा लावायचा ते समजत नाही; आम्ही त्यांना आमच्याकडे बोलावतो, त्या येताना सफरचंदाचा टार्ट आणतात, आणि मग ते 79 युरो मला तरी वसूल झाल्यासारखे वाटतात. पण अशा बाकीच्या माणसांना कोण विचारतो, हा प्रश्न उरतोच.

2025 च्या उन्हाळ्यात तर आम्हाला जिंकणेही महाग पडले. मीथच्या फुटबॉल संघाने एकाच मोसमात डब्लिन, केरी आणि गॉलवे यांना हरवले आणि 2009 नंतर पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. पोर्टलीश, मग क्रोक पार्क, मग टलमोर, मग पुन्हा क्रोक पार्क. घरोघरी हिरवे-सोनेरी झेंडे होते आणि चौघांचा एकेक रविवार, तिकिटे, डिझेल, टोल आणि चिप्स धरून, शंभर युरोंच्या वर जात होता. डोनेगलने आम्हाला उपांत्य सामन्यात धुऊन काढले तेव्हा मुलगा रडला आणि माझ्या नवऱ्याने, मोठ्या दुःखाने, सुटकेचा निःश्वास टाकला. यातला एकही युरो मला डाचला नाही. वर्षातून चार रविवारी मी तो खर्च समजून उमजून करते. मंगळवारच्या सरावाला मात्र मी पैसे मोजूनही पोहोचू शकत नव्हते.

जीएएचे अध्यक्ष म्हणून जार्लथ बर्न्स यांनी लोकसंख्येच्या प्रश्नासाठी समिती नेमली, हे मला बरे वाटले. परंतु संघांत किती खेळाडू असावेत, दोन क्लबांनी एकत्र खेळावे का, एवढ्यावर हा प्रश्न सुटणार नाही. जवळजवळ प्रत्येक गावात जमीन, सभागृह आणि माणसे असलेली दुसरी संघटना या देशात नाही. तिने घरांच्या प्रश्नावर सरकारशी तितक्याच कडकपणे बोलावे, जितके ती स्टेडियमच्या अनुदानासाठी बोलते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या मुलाचे प्रशिक्षक सात वर्षे याच गावात भाड्याने राहत होते. घरमालकाला घर विकायचे होते, त्याने रीतसर नोटीस दिली. परवडेल असे घर त्यांना साठ किलोमीटरवर मिळाले. ऑक्टोबरपर्यंत ते शनिवारी येत राहिले, मंगळवारी मात्र त्यांना जमेना. नोव्हेंबरमध्ये गटावर संदेश आला की कोणी मदत कराल का. दोन दिवस कोणी उत्तर दिले नाही. मी कार्यालयातून मंगळवारी घरूनच काम करण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि ज्या बाईला चेंडू काठीवर तीन पावलेही तोलता येत नाही तिच्याकडे आता साहित्याच्या खोलीची किल्ली आहे. सव्वासहाला मी कुलूप उघडते, पिवळे शंकू मोजून बाहेर काढते आणि पेटीत कोणी बूट टाकले आहेत का ते पाहते.