पुतळ्यावर शिकलेली सिस्टर

"पुतळ्यावर शिकलेल्या सिस्टर खरा पेशंट काय सांभाळणार? सिम्युलेशन म्हणजे श्रीमंत कॉलेजांची हौस. वॉर्डात सगळं शिकायला मिळतं." हा मजकूर सिस्टर मंडळीही पुढे पाठवतायत, म्हणून नर्सिंग शिकवणारी या नात्याने उत्तर देते.

वॉर्डात सगळं मिळतं? इंजेक्शन, ड्रेसिंग मिळतं. निर्णय घ्यायला मिळत नाही. बाळंतिणीला जास्त रक्तस्राव सुरू झाला की विद्यार्थिनीला ऐकू येतं, "तू बाजूला हो." ते बरोबरच आहे, तिथे जिवाचा प्रश्न असतो. पण मग त्या मुलीने शिकायचं कधी? सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यावर उभ्या केलेल्या खोट्या प्रसंगात, खाटेशी तीच उभी असते. पॅड भिजलाय, नाडी ९० वरून १२० वर गेलीय, बीपी अजून ठीक दिसतंय. थांबायचं, की आत्ताच पोटावर हात ठेवून गर्भाशय मऊ पडलंय का पाहायचं, मदतीला हाक मारायची? तरुण बाईचं बीपी बराच वेळ तग धरतं, धोका नाडी आधी सांगते. हे पाठ असलेली मुलगीसुद्धा पहिल्या खेपेला बीपीचा आकडा बघून निर्धास्त होते. नंतर आम्ही बसून बोलतो: काय दिसलं, त्याचा अर्थ काय लावलास, हात का थांबला? खरं शिकणं या बोलण्यात होतं. ते गाळलं तर पुतळा खरंच कुचकामी, एवढं मी मान्य करते.

खऱ्या पेशंटसमोर या मुली कमी पडतात का? अमेरिकेत १० नर्सिंग अभ्यासक्रमांमध्ये हे तपासलं. काही विद्यार्थ्यांचे निम्मे क्लिनिकल तास, म्हणजे एरवी पेशंटपाशी शिकण्याचे तास, सिम्युलेशनमध्ये घेतले. २०१४ साली निकाल आले: ज्ञान, कौशल्य, परवाना परीक्षा, कशातही ते लक्षणीय मागे नव्हते. नोकरीचे पहिले सहा महिनेही पाहिले होते. मात्र तिथले शिक्षक या पद्धतीत तयार केलेले होते.

राहिली हौस. 'मामा नटाली' हे प्रसूतीचं साधन शिक्षिका चक्क पोटावर बांधते. रक्तस्राव किती दाखवायचा ते तिच्या हातात, कण्हतेही तीच. महागडा कॉम्प्युटरवाला पुतळा लागत नाही.

घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं, तापलेल्या कपाळाचा स्पर्श, हे वॉर्डातच कळतं. त्या अभ्यासातही उरलेले निम्मे तास पेशंटपाशीच होते.