रोग निवडताना घ्यायची काळजी

आरोग्य संशोधनाच्या निधीची सूत्रं तुमच्या हाती आली असतील, तर आधी अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे रोग निवडणं. नवशिके इथेच फसतात. रोगाने किती माणसं मरतात ते मोजत बसतात. तुम्ही मरणाऱ्याचा खिसा चाचपा. १९७५ ते १९९९ या काळात जगात १,३९३ नवी औषधं बाजारात आली, त्यांतली उष्ण कटिबंधातले रोग आणि क्षय यांच्या वाट्याला १६. तेवढी तरी कशी सुटली, याचीच खरं तर चौकशी व्हायला हवी.

एखादं औषध चुकून गरिबांना लागू पडलंच, तर घाबरून जाऊ नका. एफ्लॉर्निथिनचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. कर्करोगासाठी तयार केलेलं हे औषध आफ्रिकेतल्या निद्रारोगावर गुणकारी निघालं. त्सेत्से माशी चावून होणारा हा रोग मेंदूपर्यंत पोचला की माणूस दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो, भ्रमिष्टासारखा वागतो आणि शेवटी बेशुद्धीत जातो. या औषधाने बेशुद्ध रोगी उठून बसायला लागले. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण उठून बसलेल्यांकडे पैसे कुठे होते? काही वर्षांत उत्पादन बंद. उरलं १९४९ पासूनचं मेलार्सोप्रोल. त्यात आर्सेनिक, शिरेत सोडलं की अंगाची आग आग, आणि वीस रोग्यांमागे साधारण एक त्या औषधानेच जायचा. (तक्रार कसली करता? औषध आहे ना!) मग एफ्लॉर्निथिनने बायकांच्या चेहऱ्यावरची लव वाढायची थांबते असं दिसलं आणि २००० मध्ये त्याचं क्रीमही बाजारात आलं. निद्रारोगासाठी ते पुन्हा बनवायला कंपनी राजी झाली ती २००१ मध्ये, चौफेर बोंबाबोंब झाल्यावर. तेव्हा गरिबांचा रोग हाती घ्यायचाच असेल, तर श्रीमंतांच्या चेहऱ्याशी त्याचं काही नातं जुळतं का, ते आधी बघा.

खर्चाचा आकडा नेहमी मोठा सांगा. २०१४ मध्ये एका औषधामागे २६० कोटी डॉलर खर्च येतो असा हिशोब प्रसिद्ध झाला. त्यात फसलेल्या औषधांचा खर्च धरून खरोखर खिशातून गेलेले साधारण १४० कोटी. बाकीचे, तेच पैसे दुसरीकडे गुंतवले असते तर जे मिळाले असते ते! घरखर्चात ही रीत वापरून पाहा, मात्र बायकोसमोर नको.

संशोधन न करता बक्षीस हवं असेल तर २०१७ पर्यंत त्याचीही सोय होती. २००७ मध्ये अमेरिकेने कायदा केला: दुर्लक्षित रोगावरच्या औषधाला मान्यता मिळवा आणि आपल्या दुसऱ्या कुठल्याही औषधाची तपासणी लवकर करून घेण्याचं व्हाउचर न्या. ते विकायलाही मुभा. वाळूमाशी चावून होणाऱ्या काळ्या आजारावरचं मिल्टेफोसिन भारतात २००२ पासून वापरात होतं. २०१४ मध्ये एका कंपनीने त्याला अमेरिकेत मान्यता मिळवली आणि व्हाउचर साडेबारा कोटी डॉलरना विकून टाकलं. औषध रोग्याच्या हाती पोचवायची अट कायद्यात नव्हतीच. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं तर बीळ असं निवडावं.

एवढं करूनही कुणी जाब विचारलाच, तर समिती नेमा. गरीब देशांच्या रोगांवर संशोधन कसं व्हावं, या प्रश्नावर जागतिक आरोग्य संघटनेने काय केलं बघा: २००६ मध्ये आयोगाचा अहवाल, २००८ मध्ये धोरण, २०१० मध्ये तज्ज्ञगटाचा अहवाल, तो पटला नाही म्हणून २०१२ मध्ये दुसऱ्या तज्ज्ञगटाचा. या शेवटच्या गटाने मात्र भलताच गंभीरपणा दाखवला. प्रत्येक देशाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजारांत एक, गरीब देशांच्या रोगांवरच्या संशोधनाला द्यावा, आणि तसा बंधनकारक करार करावा, असं चक्क लिहून दिलं. सदस्य देशांनी त्याच वर्षी करार पुढे ढकलला आणि घोंगडं व्यवस्थित भिजत ठेवलं. असा अहवाल तुमच्या टेबलावर आला, तर मनापासून स्वागत करा, शेऱ्यात ‘अधिक विचारविनिमय आवश्यक’ लिहा आणि एक निरीक्षणगट सुचवा. त्याला निधी लगेच मिळतो.