ई-बुकमध्ये ‘पृष्ठ क्र. ११२’ कशाला?

काचबिंदूमुळे आईची नजर अधू झाली, तेव्हापासून ती किंडलवर वाचते. अक्षर सगळ्यात मोठं केलं की पडद्यावर जेमतेम पाच-सहा ओळी मावतात, पण तिचं वाचन सुटलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिने एक कथासंग्रह घेतला. अनुक्रमणिका उघडून नवव्या कथेच्या नावावर बोट ठेवलं, तर काहीच होईना. नाव, पुढे टिंबांची रांग आणि तुटून खालच्या ओळीत पडलेला आकडा, ११२. “अगं, हे एकशेबारावं पान शोधू कुठे?” ती विचारत होती आणि मला फार वाईट वाटलं, कारण मी स्वतः अक्षरजुळणीचं काम करते.

ई-बुकात पान ठरलेलं नसतंच. अक्षर वाढवलं की मजकूर पुढे सरकतो. माझ्या फोनवरचं पान वेगळं, आईचं वेगळं. तरीही छापील पुस्तकाची अनुक्रमणिका आकड्यांसकट जशीच्या तशी उचलून टाकली जाते. वाचकाने पैसे मोजलेले असतात हो! आणि काम काही अवघड नाही. वर्डमध्ये प्रत्येक कथेचं नाव नुसतं ठळक करून सोडू नका, त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या. मग ‘रेफरन्सेस’मध्ये जाऊन ‘टेबल ऑफ कंटेन्ट्स’ घाला आणि पृष्ठक्रमांक दाखवण्याची खूण काढून टाका. कथेच्या नावावर बोट ठेवलं की थेट कथा उघडते. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, तेही याच हेडिंगांवरून एका कथेवरून दुसरीवर जातात. ठळक केलेली ओळ त्या यंत्राला साध्या ओळीसारखीच. कवितासंग्रहात तर ही सोय हवीच, तिथे सलग कोण वाचतं?

शीर्षकपृष्ठाचंही तेच. नाव मधोमध यावं म्हणून दहा-बारा वेळा एंटर मारलेलं असतं. मोठ्या अक्षरात पहिला पडदा अख्खा कोरा येतो, आईला वाटतं पुस्तक उघडलंच नाही. काही जण तर छापील शीर्षकपृष्ठाचा फोटोच डकवतात. मग अक्षर वाढत नाही, वाचूनही दाखवता येत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकही (हे नाव गाळणं मला अजिबात पटत नाही), प्रकाशन, एवढं मधोमध घ्या आणि पुढे पेज ब्रेक द्या. आवृत्ती, मुखपृष्ठ, हक्क वगैरे पुढच्या पानावर.

किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात. इतक्या वर्षांनंतर एवढी अपेक्षा ठेवणं जास्त आहे का?

प्रकाशक, लेखक मित्रमैत्रिणींनो, फाईल चढवण्याआधी एकदा फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करा आणि अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवून बघा.