ड्रायव्हर तपासा

बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचं कार्बोरेटर आमचा मिस्त्री कानानं सेट करायचा. स्क्रू पूर्ण आवळायचा, मग दीड-दोन आटे मागे, मान तिरकी करून ऐकायचं, तंबाखू या गालातून त्या गालात, झालं, वीस रुपये.

माझी गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस सिक्स. हिला कार्बोरेटरच नाही. इंजेक्टर आहे आणि किती पेट्रोल सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, तो म्हणजे रेशन दुकानदार, एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा, एवढंच मिळेल, पुढे चला. त्यात मी हौसेनं सायलेन्सर बदलला, तेवढं पेट्रोल पुरेना आणि ॲक्सिलेटर सोडला की गाडी लवंगी माळ लावायला लागली. मग पिगीबॅक मॉड्यूल मागवलं. हे ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतं आणि इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतं, थोडक्यात पंगतीत वाढप्याचा हात धरून 'अजून वाढ रे' म्हणणारा मामा. धूर हुंगून ईसीयूकडे चहाडी करणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरला थाप मारणारं एक पिल्लूही सोबत आलं होतं.

बसवायला अर्धा तास लागला. माहितीपत्रकातलं पुढचं वाक्य होतं, 'आता कॉम्प्युटरला जोडा'.

आमचा कॉम्प्युटर डेस्कटॉप, दुसऱ्या मजल्यावर. ऑफिसच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हसुद्धा चालत नाही. गॅलरीतून सुतळी सोडून मोजलं, टेबल ते गाडी चौदा मीटर, आणि यूएसबीची साधी केबल पाच मीटरच्या पुढे मान टाकते. मॉड्यूल काढून वर न्यावं तर तेही नाही, कारण इग्निशन ऑन करून थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलेटरच, शून्यापासून फुल फिरवून दाखवावा लागतो, मगच मॉड्यूलला पत्ता लागतो.

म्हणजे कॉम्प्युटरच खाली. लिफ्ट बंद (ती रविवारीच बंद असते). सीपीयू मी, मॉनिटर बायको, कीबोर्ड लेकीकडे, एक्स्टेन्शन वॉचमनकाकांच्या केबिनमधून. स्टुलावर सगळं मांडलं तर तळमजल्याच्या काकू बाहेर आल्या, गाडी बघितली, कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाल्या, "अगंबाई, खंडेनवमी आज?" मे महिना होता. तरी आत जाऊन करंडा घेऊन आल्याच, म्हणे मांडलंच आहे तर राहू नये. सीपीयूला हळदकुंकू लागलं.

केबल लावली. मॉड्यूलचा हिरवा दिवा लागला, मला भरून आलं, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात, डिव्हाइस सापडत नाही, ड्रायव्हर किंवा केबल तपासा.

"काय म्हणतोय?" वॉचमनकाका.

"ड्रायव्हर तपासा म्हणतोय."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग सांगून टाका की साहेब. रात्री घेतली होती का?"

मी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला मॉड्यूलशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, तपासला. काढला, टाकला, जुना टाकला, नवा टाकला, कॉम्प्युटर चार वेळा रिस्टार्ट केला, दीड तास गेला आणि एवढ्या वेळात चालू इग्निशननं बॅटरी बसत आली. या गाडीला किक नाही. पार्किंगमधून काका आणि मी धक्का मारतोय आणि मॉनिटरजवळ लेक पत्ते खेळतेय असं ते दृश्य.

केबल मात्र मी तपासली नाही, कारण दिवा लागला होता ना! साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या, दोन डेटाच्या. माझी होती नुसती चार्जिंगची, तिला दोनच. मामा पंगतीला हजर, पण मुका. हे कळलं लेकीला, कारण तिच्या टॉर्चची केबल तीच होती.

मग वरच्या ड्रॉवरमधल्या जुन्या वायरींच्या गुंत्यातून, जो बायको दर दिवाळीत भंगारवाल्याला द्यायला निघते आणि मी अडवतो, जुन्या कॅमेऱ्याची केबल निघाली. लावली. टुंग! समोर तक्ता उघडला, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल, सगळीकडे शून्य. बायकोकडे बघायची हीच ती वेळ होती, पण ती केव्हाच वर गेली होती.

आता कुठे किती आकडा टाकायचा? तेवढ्यात धक्क्याचा गलका ऐकून कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. मी तक्ता दाखवला, त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. मान तिरकी केली.

"दोन अजून."

मी दोन टाकले.

"अजून दोन."

टाकले. ॲक्सिलेटर सोडून बघितला. फटाके बंद.

"बास," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "पन्नास झालेत आता."