‘उलटा हल्ला करा’ म्हणणारा फॉरवर्ड आणि पहिला तास

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डचा मथितार्थ असा: सायबर फसवणूक झाली तर पोलिसांच्या नादी लागू नका, पैसे मिळतच नाहीत. ठगाचा नंबर, यूपीआय आयडी, फोटो सगळीकडे पसरवा. ओळखीच्या आयटीवाल्याकडून त्याचा फोन हॅक करून घ्या. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेच दिला आहे. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारा कोणीतरी प्रत्येक इमारतीत असतोच, त्यामुळे हॅकिंगचा सल्ला नुसता वाचून सोडून दिला जाईल याची खात्री नाही.

‘पैसे मिळतच नाहीत.’ पूर्ण रक्कम मिळणे अवघड, हे खरेच. मात्र त्यात उशिराचा वाटा मोठा. पैसे पहिल्या खात्यात बसून राहत नाहीत. काही मिनिटांत ते अनेक खात्यांत फुटतात आणि एटीएममधून किंवा क्रिप्टोत बाहेर पडतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकेकडे जाते. खात्यात उरलेली रक्कम तिथे रोखली जाते, पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवले जाते. फोन लावताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवा. मग २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा.

बँकेला वेगळे कळवायचेच, आणि लगेच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. सूड घेण्यात घालवलेला अर्धा तास असा थेट तुमच्या खिशातून जातो.

‘नंबर आणि फोटो पसरवा.’ कोणाचा? कॉलवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. ‘अर्जंट वीस हजार पाठव’ हा मेसेज मित्राच्या बळकावलेल्या व्हॉट्सॲपवरून आला असेल, तर बदनामी मित्राची होते. यूपीआय आयडी बहुधा भाड्याने दिलेल्या खात्याचा असतो. खाते देणारा निर्दोष असेलच असे नाही, पण त्याचा निवाडा सोसायटीच्या ग्रुपवर होत नसतो. शिवाय गाजावाजा झाला की मागचे लोक सावध होऊन खाती रिकामी करतात.

‘त्याचा फोन हॅक करा.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रात शिरण्याला मनाई करते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरचा चोर असल्याची सूट दोन्ही कलमांत नाही. आणि ते यंत्र चोराचे असेलच असेही नाही. हल्ले अनेकदा तिसऱ्याच्याच बाधित राउटर किंवा सर्व्हरमधून येतात.

पुराव्याचे नुकसान तर वेगळेच. आत शिरलेल्या माणसाने फाइल उघडली, लॉग म्हणजे यंत्रातल्या नोंदी बदलल्या, की पुढे वकील विचारणार: हे त्यानेच पेरले नाही कशावरून? आपल्या बाजूला करायचे ते साधे आहे. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेले नाव नको, नंबर दिसू द्या. वाहतूक दंडाचे ‘चलन’ म्हणून आलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल इन्स्टॉल झाली असेल तर एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद आहे ना ते बघा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. सिम साध्या हँडसेटमध्ये घाला. घाबरून फॅक्टरी रीसेट करू नका, पुरावा त्यातच आहे.

‘स्वसंरक्षण.’ भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे, पण कलम ३७ त्याला मर्यादा घालते: सरकारी यंत्रणेकडे जाण्याइतका वेळ असेल तिथे तो मिळत नाही. पैसे गेल्यानंतर केलेले हॅकिंग बचावात कसे बसवणार?

ज्यांना हे फक्त सामान्य माणसापुरते वाटते त्यांनी गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवावे. ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी गेले आणि त्यातले बहुतेक पैसे २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. उलटा हल्ला नेमका कोणावर करायचा होता? २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले ते तपास आणि खटला होऊनच.

रोखलेली रक्कम आपोआप खात्यात येईलच असे नाही. अनेकदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी पोर्टलचा पोचपावती क्रमांक आणि बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत जपून ठेवा.